जुनं भांडं जरूर भेट द्या, त्यावरचं नाव मात्र घासू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तू भेट देण्याविषयी पानभर मजकूर आला होता. समई, घंगाळ, अडकित्ता, पानाचा डबा, जुनी नाणी, ग्रामोफोन, सगळ्यांची छान छायाचित्रं होती. मी तो दोनदा वाचला आणि मनापासून आनंद झाला. वेष्टनासकट माळ्यावर जाणारे डिनर सेट एकमेकांना देत राहण्यापेक्षा पन्नास-शंभर वर्षं माणसांच्या हातात वावरलेली वस्तू देणं केव्हाही चांगलं. पण त्या मजकुरात एक चौकट होती. भांड्यावर जुनी नावं कोरलेली असतील तर ती पॉलिशवाल्याकडून घासून घ्यावीत, म्हणजे वस्तू भेट देण्याजोगी होते, असा सल्ला त्या चौकटीत होता. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. लांबलं तर माफ करा, पण जमल्यास पूर्ण छापा.

मी भांड्यांवर नावं घालणारा माणूस. वय ७१. १९७० साली, सोळाव्या वर्षी, पुण्याच्या रविवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानात कामाला लागलो आणि चाळीस वर्षं तेच काम केलं. दुकानाच्या पायरीशी अंथरलेलं पोतं, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी. गिऱ्हाईक चिठोऱ्यावर मजकूर लिहून द्यायचं आणि काम होईपर्यंत समोर उभं राहायचं. मजुरी अक्षरांवर असायची, त्यामुळे माणसं मजकूर फार विचार करून लिहीत. गाव घालायचं की नाही, आडनाव पूर्ण लिहायचं की नुसतं पहिलं अक्षर, मामाचं नाव घालायचं की नुसतं 'मामाकडून' म्हणायचं, यावर नवरा-बायकोची तिथंच पायरीवर चर्चा चाले. काशाच्या वाटीवर नाव घालताना माझा जीव मुठीत असे, कारण कासं ठिसूळ. घाव जरा जोरात बसला की तडा जातो. तांबं मऊ, ते घाव निमूट घेतं. पितळ या दोघांच्या मधलं. पुढे विजेचं मशीन आलं, तेही शिकलो. पण मशीनची रेघ आणि छिन्नीचं टिंब यांतला फरक मी आजही डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगू शकतो.

आज लोक समजतात की भांड्यावरचं नाव म्हणजे मालकीचा शिक्का. ते अर्धंच खरं आहे. लग्नामुंजीला गावभरातून भांडी गोळा व्हायची, पंगत उठल्यावर ज्याची त्याला परत जायची, म्हणून नाव लागायचं हे खरं. पण मी घातलेल्या नावांपैकी निम्म्याहून जास्त मजकूर आहेराचे होते. 'चि. सौ. कां. अमुक हीस मावशीकडून.' 'चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ आजोबांची भेट.' 'कै. तीर्थरूपांचे स्मरणार्थ.' माझ्याही आधीच्या भांड्यांवर 'यांजकडून' आणि 'यांस' असे जुने शब्द दिसतात. म्हणजे जुनं भांडं भेट देण्यासाठी विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा कोणाची तरी भेटच विकत घेत असतो. कोणी दिली, कोणाला दिली, कशासाठी आणि कधी, हे सगळं त्या भांड्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार आपल्याला तोंडी सांगतो की 'साहेब, पेशवेकालीन आहे', त्यावर आपण विश्वास ठेवतो. आणि भांडं स्वतःची खरी हकीकत सांगत असतं, ती आपण घासून टाकतो.

आणि ती हकीकत वाचायला फार विद्या लागत नाही. शक लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. शके १८५७ म्हणजे १९३५. शक नसला तरी जिल्ह्याचं नाव पाहा. भांड्यावर 'जि. द. सातारा' असेल तर ते नाव १९४९ ते १९६० या काळातलं, कारण दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. 'पू. खानदेश' असेल तर १९०६ च्या नंतरचं आणि १९६० च्या आधीचं, कारण १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये पूर्वेचं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे झालं. 'जि. कुलाबा' दिसलं तर १९८१ च्या आधीचं, त्यानंतर रायगड. अशा नावांच्या जोडीला भांड्यावर शेरात वजन घातलेलं असेल तर ते बहुधा १९६२ च्या आधीचं, कारण तोवर किलो सगळीकडे सक्तीचा झाला होता. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. हजारो भांडी हाताखालून गेली आणि दुकानात येणाऱ्या एका निवृत्त मामलेदारांना मी जिल्ह्यांविषयी विचारत राहिलो, त्यातून कळलं. एखादा मुलगा नव्या घरात राहायला जातो, त्याला तुम्ही परात देता आणि सांगता की ही बघ, ही सांगली 'द. सातारा' होती तेव्हाची आहे. असं सांगायला मिळणं हीच तर जुनी वस्तू देण्यातली गोडी. नाव गेलं की उरतं नुसतं किलोवर मोजायचं पितळ.

मी हे लिहितो आहे त्याला कारण आहे. मी स्वतः नावं घासली आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घराघरांत स्टील शिरलं. लोक पितळेचे हंडे, कळश्या, तपेली, तांब्याचे बंब पोत्यात भरून आणत, मोडीच्या भावाने देत आणि स्टीलचे डबे घेऊन जात. त्या मोडीतलं जे भांडं धड असे ते मालक बाजूला काढत. त्यावरचं नाव कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून, चिंच-मीठ लावून लखलखीत करायचं काम माझं. मग ते पुन्हा विक्रीला लागायचं. सकाळी मी एका भांड्यावर 'आईकडून' असं कोरत असे आणि दुपारी दुसऱ्या भांड्यावरचं 'आईकडून' घासत असे. तेव्हा पोटासाठी करत होतो आणि त्यात वावगं आहे असं कोणी म्हटलंही नाही. पण एकदा एक म्हातारी बाई स्वतःची कळशी घेऊन आली होती. वजन झालं, पैसे ठरले. मग तिने विचारलं, "यावरचं नाव तेवढं कापून देता येईल का रे मला?" मी नाही म्हटलं. तेवढा तुकडा कापला असता तर कळशी पुन्हा विकता आली नसती. ती काही न बोलता डबे घेऊन गेली. संध्याकाळी ती कळशी माझ्याचकडे आली घासायला. त्यावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही, ते तिच्या घरचं आहे. ही गोष्ट मला पन्नास वर्षं सोडत नाही.

गेल्या महिन्यात एक जोडपं माझा पत्ता शोधत घरी आलं. दोघं तिशीच्या आतले, चांगले शिकलेले. मित्राच्या वास्तुशांतीला द्यायला त्यांनी एका मोठ्या दुकानातून पितळेचं घंगाळ घेतलं होतं. किंमत ऐकून मी गप्प राहिलो. वर पारदर्शक लॅकर मारलेलं, आरशासारखं चकचकीत. त्यांना त्यावर छिन्नीनेच नाव घालून हवं होतं, मशीनने नको. मी घंगाळ खिडकीशी नेलं आणि तिरकं धरलं. काठाखाली एक वीतभर जागा बाकीच्या पत्र्यापेक्षा किंचित दबलेली होती आणि तिथला उजेड वेगळा पडत होता. आत बोट घातलं तर बारीक खडबड लागली. छिन्नीचा घाव बाहेरून कितीही घासा, पत्रा फार जाड नसेल तर आतल्या बाजूला त्याचा उठाव राहतो. मी सुनेला पीठ आणायला सांगितलं. चिमूटभर पीठ आतून चोळलं आणि हलकेच फुंकर मारली, तेव्हा खाचाखोचांत पीठ अडकून काही अक्षरं उलटी दिसू लागली. मुलीने मोबाइलवर फोटो काढून तो उलटा केला. 'बाईस', मग बरीच जागा कोरी, मग 'वडिला', मग 'सात'. एवढंच. गाव गेलेलं, नाव गेलेलं. सातारा नुसता की उत्तर की दक्षिण, तेही कळेना.

ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, आम्हाला दुकानात सांगितलं की यावर काहीच नव्हतं." मी तिला म्हटलं, पोरी, यावर एका बापाने मुलीला काहीतरी लिहून दिलं होतं. तिने मित्राला फोन लावला आणि दोघांनी ठरवून मला एवढंच घालायला सांगितलं, जुन्या जागेच्या खाली, थोडी जागा सोडून: या दोघांचं नाव, मित्राचं नाव, साल. घासलेली जागा तशीच ठेवायला सांगितली. मी मजुरी घेतली नाही.

नाव घासण्यामागे आणखी एक कारण असतं आणि ते वाचकांना ठाऊक असायला हवं. भांड्यावर 'श्री अमुक देवस्थान' किंवा 'समस्त ग्रामस्थ' असं कोरलेलं असेल तर ते विकायचा हक्क कोणा एकाला नसतो. अशी घंटा, असा लामणदिवा, अशी मोठी परात बाजारात आली तर नावावरून चोरी पकडली जाऊ शकते. म्हणून सगळ्यात आधी नाव जातं. मी असं म्हणत नाही की प्रत्येक घासलेलं भांडं चोरीचं. बहुतेक वेळा ते माझ्यासारख्या कारागिराने गिऱ्हाइकासाठीच घासलेलं असतं. पण गिऱ्हाइकांनीच जर 'नाव असलेलं द्या' असं म्हणायला सुरुवात केली तर घासलेल्या वस्तूकडे लोक शंकेने पाहतील, आणि तसंच पाहायला हवं.

देवाच्या टाकांविषयीही सांगतो. हल्ली चांदीचे जुने टाक चौकटीत बसवून भिंतीवर लावायला भेट देतात, असं आपल्याच मजकुरात होतं. खंडोबा, भवानी, वीर, हे टाक कोणाच्या तरी देवघरातले, कोणाच्या तरी कुळाचे असतात. झिजले की ते विसर्जन करायचे आणि नवे घडवायचे ही आपली रीत. दुसऱ्याच्या घरचा वीर तिसऱ्याच्या दिवाणखान्यात टांगू नये. मला हे पटत नाही आणि ते मी स्पष्ट सांगतो.

आता फसवणुकीचं. साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून माझ्या मेव्हण्यांना मी एक पितळी होकायंत्र घेतलं होतं. ते बंदरावर नोकरीला होते. विक्रेत्याने ब्रिटिशकालीन म्हणून दिलं, झाकणावर लंडन आणि १८८५ अशी अक्षरं होती. घरी आणून दिव्याखाली पाहिलं तर अक्षरं कोरलेली नव्हती, साच्यातच उठलेली होती, आणि स्क्रूची खाच अगदी धारदार, कधी पेचकस न लागलेली. परत घेऊन गेलो. त्याने बिल दाखवलं, त्यावर 'डेकोरेटिव्ह पीस' एवढंच लिहिलेलं. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. अशी होकायंत्रं, दुर्बिणी आणि वाळूची घड्याळं आपल्याच देशात बनतात आणि शोभेच्या वस्तू म्हणून त्या विकायला काही हरकत नाही. बनवणाऱ्यांच्या हाताला कसब आहे. खोटेपणा आहे तो त्यांना जुनं म्हणण्यात. म्हणून बिलावर काळ आणि धातू लिहून मागा. खात्री असलेला विक्रेता लिहून देतो.

पितळी कर्ण्याच्या, कुत्र्याच्या चित्राच्या ग्रामोफोनांचंही तेच. जुन्या सुट्या भागांना नवी पेटी आणि नवा चकचकीत कर्णा जोडून ते तयार करतात. नाण्यांत तर विचारूच नका. ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, मागे रामदरबार, असं नाणं कोणी भाग्याचं म्हणून देऊ केलं तर हात जोडा आणि निघा. कंपनीने असं नाणं चलनात कधी आणलंच नाही. शिवराई मात्र खरीही मिळते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तांब्याची, झिजलेली. पण खऱ्यापेक्षा नव्या ठोकलेल्या जास्त. व्हिक्टोरियाचा रुपया घेणार असाल तर १८७६ पर्यंतच्या रुपयावर 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' हे लक्षात ठेवा, आणि वजन करा, साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर भरलं पाहिजे. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदीचा कणही नसतो, ते तांबं, जस्त आणि निकेल. अनेकांना हे माहीत नाही आणि चांदीचा जुना तांब्या म्हणून ते घेऊन येतात.

भांड्यांत खरं-खोटं ओळखणं त्यामानाने सोपं. हाताने ठोकलेल्या भांड्याचा पत्रा सगळीकडे सारखा नसतो, ठोक्यांच्या खुणा उजेडात हलतात. जुन्या हंड्यांना, बंबांना आतून दातेरी सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत दातांसारखे अडकवून जोडलेले. यंत्राच्या चाकावर दाबून काढलेल्या भांड्यावर आतून बारीक गोल रेषा असतात, रेकॉर्डसारख्या. झीज कुठे आहे ते बघा. खरं वापरलेलं भांडं बुडाला, काठाला आणि कडीच्या आत झिजतं, पोटाला नाही. रसायनाने काळं केलेलं भांडं सगळीकडे सारखंच काळं असतं. आणि नाव असेल तर तेच सगळ्यात मोठा साक्षीदार. शके सतराशे काही असं कोरलंय आणि रेघ विजेच्या मशीनची आहे, असं मी स्वतः पाहिलं आहे.

माझा भाचा परदेशात असतो. त्याला आजीची समई न्यायची होती. तेव्हा चौकशी करताना कळलं की शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं पुरेत. १९७२ चा कायदा आहे, १९७६ पासून लागू. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. शंभर वर्षांच्या मूर्ती किंवा जुनी चित्रं घरात असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते, आणि त्या कोणाला दिल्या, भेट म्हणून दिल्या तरी, ते कळवावं लागतं. वस्तू त्या वयाची नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो. आमची समई १९४० च्या आसपासची निघाली, तो घेऊन गेला. परदेशातल्या मुलांना भेट देणाऱ्यांनी हे आधी विचारावं, विमानतळावर नको. हस्तिदंताची फणी, वाघनखाचं पदक, सांबरशिंगाच्या मुठीची सुरी, या वस्तू कितीही जुन्या आणि कितीही सुंदर असल्या तरी भेट म्हणून देऊ नका, घेऊही नका. तो वन्यजीव कायद्याचा भंग आहे.

आणि वापरायला देणार असाल तर कल्हई करून द्या. पितळेच्या पातेल्यात आमटी-ताक केलं तर ते कळकतं, हे आमच्या आयांना सांगावं लागत नव्हतं, आता सांगावं लागतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरवायचं, अर्ध्या तासाचं काम. पुण्यात अजून थोडे कल्हईवाले आहेत, कसब्यात तांबट आळीत विचारलं तर सापडतात. जुन्या कळशीला डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, लावलेला असेल तर ती पाणी प्यायला देऊ नका, त्या डाखात शिसं असतं. फुलं ठेवा, चालेल.

जुन्या वस्तूंना मान द्यायचा कसा हे पाहायचं असेल तर मुलांना घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली आणि वाड्यावाड्यांतून, बाजारांतून जे आणलं ते राजेरजवाड्यांपेक्षा घरातलं जास्त: अडकित्ते, वज्री, दौती, दिवे, कुलपं, फण्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी त्यांनी ते संग्रहालय केलं आणि पुढे सरकारला देऊन टाकलं. मी विशीत असताना पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथल्या वज्रींपुढे तासभर उभा राहिलो होतो. पाय घासायच्या एवढ्याशा वस्तूवर कोणीतरी मोर घडवला होता, हत्ती घडवला होता. दुपारी दुकानात परतलो आणि समोर घासायला दोन तपेली होती. त्या दिवशी ती मी बाजूला सरकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी घासली.

वाचकांना माझी विनंती अशी. नाव असलेलं भांडं मिळालं तर ते तसंच घ्या. विक्रेत्याला विचारा, कुठून आलं, कोणी विकलं. जे कळेल ते एका कागदावर लिहा आणि भांड्यासोबत द्या. आपलं नाव घालायचं असेल तर जुन्या नावाच्या खाली, जागा सोडून घाला. पूर्वी एकाच परातीवर दोन पिढ्यांची नावं असायची, सासूचं वर आणि सुनेचं खाली. मी स्वतः अशी घातली आहेत. ज्याला भेट देता त्याला दुसऱ्याचं नाव चालणार नाही असं वाटत असेल, तर त्याला नवं भांडं द्या. तांबट आळीत आजही मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी असलेली, सुंदर नवी भांडी मिळतात, कारागिराच्या पोटाला लागतं, आणि नाव घालायला कोरी जागा मिळते.

आपल्याला, संपादकसाहेब, वेगळी विनंती. पुरवणीत दर रविवारी दोन बोटं जागा द्या. वाचकांनी आपल्याकडच्या, विकत घेतलेल्या जुन्या भांड्यावरचा मजकूर कळवावा, जसा आहे तसा, आणि तो तिथे छापावा. एखाद्या घराला आपल्या पणजीचं नाव सापडेल.

पहिला मजकूर मी देतो. गेल्या वर्षी, बुधवारी, पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक पितळेची परात मिळाली, ठोक्याची, व्यास सुमारे दीड हात. काठावर छिन्नीच्या टिंबांनी असं आहे: 'चि. सौ. कां. यमूस मामाकडून. वैशाख शके १८६९. ता. पा' आणि मग कोणीतरी कानस मारायला सुरुवात करून मध्येच सोडून दिलेली जागा, आणि तिच्या पुढे 'जि. पू. खानदेश.' तालुका पाचोरा असेल किंवा पारोळा, दोन्ही तिकडचेच. लग्न १९४७ च्या उन्हाळ्यातलं. यमूबाई असल्या तर नव्वदीच्या पुढे असतील. परातीला एक पोचा आहे, बाकी ठणठणीत. मी ती वापरत नाही आणि विकणारही नाही. त्यांच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. येऊन घेऊन जावी.

आपला,
भांड्यांवर नावं घालणारा एक निवृत्त कारागीर,
पुणे